पिनहासचा भाला आणि आपले मौन

आपल्या बेने इस्राएल घरांत पिनहास हे नाव पिढ्यान्‌पिढ्या ठेवले जाते. पिनहासने केले काय, असे विचारले तर कोणीही सांगेल: शिट्टीमच्या छावणीत लोक बआल-पौराच्या भजनी लागले, महामारीत २४,००० माणसे मेली, तेव्हा अहरोनाच्या या नातवाने भाला उचलून इस्राएली सरदार जिम्री आणि मिद्यानी स्त्री कजबी यांना भोसकले, महामारी थांबली आणि देवाने त्याच्याशी शांतीचा करार केला. हे तोरात आहे. पण गोष्ट इथेच थांबवून आपण आपल्या मुलांच्या हाती काय देतो, याचा जाब मला आज समाजाला विचारायचा आहे.

आपल्या विद्वानांनी ती इथे थांबवली नव्हती. तालमूदच्या सान्हेद्रिन ग्रंथात त्यांनी बजावले आहे की आवेशाने पेटलेला माणूस न्यायसभेकडे परवानगी मागायला आला, तर त्याला ती द्यायची नाही. त्याहून पुढे जाऊन ते म्हणतात, जिम्रीने उलटून पिनहासला मारले असते, तर जिम्रीवर खुनाचा दोष आला नसता. कारण त्या क्षणी दुसऱ्याच्या जिवावर उठलेला ‘रोदेफ’ पिनहासच होता. यरुशलेमच्या तालमूदमध्ये तर असे आहे की हे कृत्य विद्वानांना मान्य नव्हते. ते पिनहासला बहिष्कृत करायला निघाले होते, दैवी प्रेरणा मध्ये आली म्हणून तो वाचला. तोराच्या साप्ताहिक वाचनातही भाल्याचा वार एका आठवड्याच्या शेवटी येतो आणि देवाचा करार पुढच्या शब्बाथला. बक्षीस ऐकण्यासाठी सभेला सात दिवस थांबावे लागते.

ही सावधगिरी भित्रेपणातून आलेली नाही. रोमन सैन्याचा वेढा पडला असताना यरुशलेममधल्या कडव्यांनी आपल्याच शहराची धान्याची कोठारे जाळली, का, तर तडजोडीची वाट उरू नये आणि सगळ्यांना लढणे भाग पडावे. लोक अन्नान्न करून मेले. इ.स. ७० मध्ये दुसरे मंदिर भस्मसात झाले. रब्बी योहानान बेन जक्काई मेल्याचे सोंग घेऊन शवपेटीतून बाहेर पडले आणि यावने इथे त्यांनी विद्या जगवली. मंदिर का गेले, या प्रश्नाला तालमूदने दिलेले उत्तर आपसांतल्या निष्कारण द्वेषाकडे बोट दाखवते.

एवढे शिकून आपण काय केले? २५ फेब्रुवारी १९९४ रोजी, पुरीमच्या दिवशी, हेब्रोनमध्ये नमाज पढणाऱ्या २९ मुसलमानांना एका यहुदी डॉक्टरने गोळ्या घातल्या. त्याच्या थडग्यावर माणसे दर्शनाला जाऊ लागली; भोवतालचे स्मारक १९९९ मध्ये सरकारला पाडावे लागले. ४ नोव्हेंबर १९९५ च्या शनिवारी, शब्बाथ सुटल्यावर, तेल अवीवमध्ये शांततेची सभा आटोपून निघालेल्या पंतप्रधान यित्झाक राबिन यांच्या पाठीत एका यहुदी तरुणाने गोळ्या झाडल्या. तो कायद्याचा विद्यार्थी होता, तोरा शिकलेला होता आणि राबिन हे रोदेफ आहेत, असे त्याचे समर्थन होते.

हा आरोप त्याला एकट्याला सुचला नव्हता. खुनाआधी कित्येक महिने काही रब्बींच्या चर्चेत तो चघळला जात होता. निदर्शनांत राबिन यांना नाझी गणवेशात दाखवणारी चित्रे फिरत होती. रोदेफचा कायदा मुळात जीव वाचवण्यासाठी आहे; हल्लेखोराला जखमी करून थांबवता येत असताना जो त्याला ठार मारतो, त्याला तालमूद खुनी ठरवते. हे जाणणारे शेकडो विद्वान होते. त्यांच्यातले बहुतेक तेव्हा गप्प बसले, आणि माझा आरोप त्या गप्प बसण्यावर आहे.

तोरात एक विधी आहे. उघड्यावर बेवारस प्रेत सापडले आणि मारेकरी कळला नाही, तर जवळच्या गावच्या वडीलधाऱ्यांनी कालवडीची मान मोडून, हात धुऊन, आपण हे रक्त सांडले नाही असे जाहीर करायचे. मिश्ना विचारते: ज्येष्ठांवर खुनाचा संशय कोण घेईल? मग स्वतःच उत्तर देते: हा वाटसरू आमच्याकडे आला आणि आम्ही त्याला उपाशी, सोबतीशिवाय जाऊ दिले असे झालेले नाही, एवढे त्यांना सांगता आले पाहिजे. म्हणजे समाजाने काय करायचे सोडले, याचाही हिशेब धर्म मागतो. राबिन यांच्या खुनानंतर रब्बी अहरोन लिख्टेनस्टाइन यांनी आपल्याच धार्मिक समाजाला हा हिशेब मागितला. बाकी पुष्कळांनी ‘एक माथेफिरू’ म्हणून विषय मिटवला.

आपण कोकणातले लोक एलियाहू हन्नाबीचे भक्त. अलिबागजवळच्या खंडाळ्याला आपण त्याची खूण पाहतो. नवस फेडताना पोहे, गूळ, खोबरे आणि फळांचा मलिदा करून त्याचे नाव घेतो. मग त्याची गोष्टही पुरती सांगूया. होरेब डोंगरावर तो आपल्या आवेशाची ग्वाही देत, लोकांनी करार मोडला असे गाऱ्हाणे गात होता. देव वादळात आढळला नाही, भूकंपात नाही, आगीतही नाही. तरी एलियाहूने तेच गाऱ्हाणे पुन्हा गायले, तेव्हा देवाने त्याला आपल्या जागी एलिशाला नेमायला सांगितले. पुढे विद्वानांनी एलियाहूसाठी प्रत्येक सुंतेच्या वेळी खुर्ची मांडली: ज्यांना तू करार मोडणारे म्हणालास, ते करार कसा पाळतात ते बघ.

आवेश वाईट नाही. अहरोनही आवेशी होता, पण त्याची धाव शांततेमागे होती आणि हिल्लेलने त्याचेच शिष्य व्हायला सांगितले. रात्री-बेरात्री भांडणाऱ्यांच्या दारी जाणे, आपल्याच गटातल्या उर्मटाला सर्वांसमक्ष थांबवणे, याला भाला उचलण्याहून अधिक छाती लागते.

म्हणून रब्बी, शिक्षक आणि आईबाप यांच्याकडे माझी मागणी आहे. पिनहासच्या शब्बाथला मुलांना तोराबरोबर तालमूदचे ते पानही शिकवा. सिनेगॉगमध्ये कोणी माणसाला ‘रोदेफ’ किंवा ‘गद्दार’ म्हणाला, तर प्रार्थना संपायची वाट न पाहता तिथेच उठून त्याला अडवा. मारेकऱ्याच्या थडग्यावर जाणाऱ्याला आपल्यात मान देऊ नका. जिथे हे होणार नाही, तिथल्या ज्येष्ठांनी आपले हात स्वच्छ असल्याचे सांगू नये.