चौदाव्या वर्षीचे स्वगत

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या माझ्या भाचीने विचारले, मुलीला नववीपासून लाग्वार्डियाच्या नाट्यविभागात घालावे काय? मामा साहित्य शिकवतो, तेव्हा त्याला ठाऊक असेल, ही तिची समजूत. वास्तविक असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. 'आर्ट्सला गेली' असे आपण जिच्याविषयी म्हणतो ती इतिहास आणि राज्यशास्त्र शिकत असते. चित्र वा नाटक नव्हे.

लाग्वार्डिया ही सरकारी, विनाशुल्क शाळा. महापौर फिओरेलो लाग्वार्डिया यांच्या पुढाकाराने १९३६ साली संगीत व चित्रकलेची शाळा निघाली; नृत्य-नाट्याची वेगळी शाळा नंतरची. १९८४ पासून दोन्ही लिंकन सेंटरलगतच्या एकाच इमारतीत नांदतात. ('फेम' हा १९८० चा चित्रपट दुसऱ्या शाळेवर बेतलेला आहे, तो पाहून निर्णय घेऊ नये, एवढेच.) नाट्यविभागाच्या प्रवेशचाचणीत भिन्न प्रकृतीची दोन स्वगते सादर करावी लागतात.

माझी शंका इथेच सुरू होते. शाळाशाळांतल्या नाट्यछटास्पर्धा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ती समजेल. दिवाकरांची नाट्यछटा म्हणणारी मुलगी परीक्षकांना आवडते तेव्हा नेमके काय आवडते? पुष्कळदा आईने बसवलेला हातवारा, बाईंनी बसवलेला हुंदका. नाट्यछटेत समोर दुसरे माणूस असते. ते बोलत असते आणि आपल्याला ऐकू येत नाही. ते ऐकणे हाच त्या प्रकारातला खरा अभिनय, आणि नेमका तोच बसवून घेता येत नाही. चौदाव्या वर्षीच्या चाचणीत मुलीचे अंग किती दिसते आणि घरातली तालीम किती, हे निष्णात परीक्षकालाही नेहमी वेगळे करता येत असेल असे मला वाटत नाही. शिकवणीला पैसा असलेले घर अर्थातच पुढे राहते.

तरीही मी 'घाला' म्हटले. कारण तिथे गणित, विज्ञान, इतिहास, साहित्य हे सारे शिकावेच लागते. यावरूनच २०१९ साली शेकडो विद्यार्थ्यांनी शाळेत ठिय्या दिला होता : अभ्यासविषयांना अवाजवी महत्त्व मिळून कला दुय्यम ठरते आहे, असे त्यांचे म्हणणे. प्रवेशापुरता त्यांचा राग मला मान्य आहे. गणितात कच्च्या गायिकेला गाण्याच्या शाळेबाहेर ठेवणे हास्यास्पद होय. पण आत गेल्यावरचे काय? अठराव्या वर्षी तिला नाटक सोडावेसे वाटले, तर सोडता आले पाहिजे. आणि सोडायचे नसेल तर स्वगताच्या मागचे-पुढचे अंक वाचण्याची सवय तिला साहित्याच्या तासालाच लागणार.

म्हणून भाचीला सांगितले, शाळा पाहायला जाशील तेव्हा नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी मागू नकोस. (अल पचिनो तर शिक्षण अर्धवट टाकून बाहेर पडला होता.) इंग्रजीच्या वर्गात वर्षभरात किती नाटके पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, ते विचार.

तिने विचारले की नाही, कळले नाही. मुलीचा मात्र परवा फोन आला. तिने निवडलेल्या स्वगतातली बाई एवढी का चिडली आहे, हे तिला हवे होते. स्वगत तिला एका संकलनात सापडले होते. नाटक तिने पाहिलेले नव्हते, वाचलेलेही नव्हते. मी सांगितले नाही. पुस्तक ग्रंथालयातून आण, म्हटले. ती थोडी रागावली आहे.