आल्प्स नंतर, आधी शिरूर-दौंड!

घरात फ्लाइट सिम्युलेटर बाळगणाऱ्यांची एक जमात असते. आठवडाभर कोड पाडायचा आणि शनिवार उजाडला की जॉयस्टिक घेऊन बसायचं. मीही त्याच जमातीतला. या जमातीत एक संवाद हमखास होतो. "काय मग, वीकेंडला कुठे उडलास?" "इन्सब्रुक! काय दिसतं राव... दोन्ही बाजूंना बर्फाचे डोंगर, मधे धावपट्टी. अग्गदी खरं!" पुढच्या आठवड्यात नॉर्वे, त्यापुढच्या आठवड्यात मॅनहटन. आणि मी म्हटलं की मी लोहगावहून निघालो, शिरूरला वळलो आणि घोड नदी धरून दौंडला गेलो, की समोरचा दोन सेकंद गप्प. मग विचारतो, "तिकडे बघण्यासारखं आहे काय?"

मंडळी, हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. आज त्यावरच लिहायचं ठरवलंय. काही लोक खवळतील, खवळू देत!

पहिली गोष्ट. "अगदी खरं" आहे हे तुम्हाला कळलं कसं? इन्सब्रुकला गेला आहात कधी? आपल्यातल्या बहुतेकांनी आल्प्स पाहिलाय तो सिनेमातल्या गाण्यांत आणि कॉम्प्युटरच्या वॉलपेपरवर. म्हणजे तुम्ही एका चित्राची तुलना दुसऱ्या चित्राशी करताय. त्याला फार तर "सुंदर" म्हणा, माझी काही हरकत नाही. पण "खरं" म्हणायचं तर त्या जागेची ओळख लागते.

पुरावा हवा? १८ ऑगस्ट २०२० ला मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची नवी आवृत्ती आली तेव्हा अख्खी पृथ्वी त्यात आहे म्हणून केवढा गाजावाजा झाला होता. बिंग मॅप्सचे फोटो, फ्रान्सच्या असोबो स्टुडिओने बनवलेला गेम, आणि ऑस्ट्रियातल्या ब्लॅकशार्क नावाच्या कंपनीचं मशीन लर्निंग. हे मशीन लर्निंग सपाट फोटोतलं छप्पर ओळखतं आणि तिथे अंदाजाने इमारत उभी करतं. आता गंमत बघा. लंडनचा बकिंगहॅम राजवाडा त्यात चक्क ऑफिसच्या इमारतीसारखा दिसत होता! हे पकडलं कुणी? ज्यांना तो राजवाडा माहीत होता त्यांनी. तिकडे मेलबर्नच्या एका बैठ्या वस्तीत २१२ मजल्यांचा सुळका उभा राहिला. कारण काय, तर ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर एका विद्यार्थ्याने २ मजल्यांच्या जागी २१२ टाइप केलं होतं. नकाशावर ते नंतर दुरुस्तही झालं, पण सिम्युलेटरने उचललेला डेटा त्याआधीचा. हा सुळका लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

आता माझ्या त्या "काही नसलेल्या" मार्गाबद्दल. साधं सेसना १७२ घ्या. लोहगावहून पूर्वेकडे निघून नगर रस्ता धरा. कोरेगाव भीमाला नदी ओलांडायची, मग शिक्रापूर, मग रांजणगाव एमआयडीसीची लांबच लांब छपरं, आणि पंधरा-वीस मिनिटांत खाली शिरूर. घोड नदीच्या पलीकडे अहिल्यानगर जिल्हा सुरू. तिथे उजवीकडे वळून नदी धरायची, चिंचणीचं घोड धरण मागे टाकायचं, घोड जिथे भीमेला मिळते तिथून भीमेच्या कडेकडेने दौंड. शिरूर ते दौंड सरळ रेषेत पन्नास किलोमीटरसुद्धा नाही. संपूर्ण फेरी पाऊण तासाच्या आत.

या पाऊण तासात मला काय मिळतं? सोलापूरचे लोक पावसाळ्यात रोज सकाळी एकच आकडा विचारतात, "दौंडचा विसर्ग किती?" तो आकडा वाढला की उजनी भरणार. पेपरात हे वाक्य लहानपणापासून वाचलेलं, पण दौंडच का, हे वरून बघितल्यावर डोक्यात बसतं. इंद्रायणी तुळापूरला भीमेत येते. पवना मुळेत, मुळा-मुठा एकत्र होऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेत. कुकडी घोडेत आणि घोड भीमेत. सह्याद्रीवर पडलेलं निम्म्या पुणे जिल्ह्याचं पाणी गोळा होऊन दौंडच्या पुलांखालून जातं. एसटीच्या खिडकीतून दर वेळी एकच पूल दिसतो. सगळ्या नद्यांची जाळी एका नजरेत दिसायला पाच हजार फूट लागतात!

तीच गोष्ट दौंड जंक्शनची. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला का लावायचे आणि मग कॉर्ड लाइन कशाला बांधली, हे वरून रुळांचा त्रिकोण पाहिला की शाळेतल्या पोरालाही कळेल.

आणि हवामान! शाळेत आपण "पर्जन्यछायेचा प्रदेश" हे शब्द पाठ केले, दोन मार्क मिळवले आणि विसरलो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पुण्यात सातशेच्या आसपास, आणि शिरूर-दौंडला जेमतेम पाचशे. जुलै-ऑगस्टमधे लाइव्ह हवामान चालू करून दौंडवर जा आणि विमानाचं नाक पश्चिमेला करा. बऱ्याच दिवशी समोर घाटमाथ्यावर करड्या ढगांची भिंत दिसते. तुमच्या डोक्यावर मात्र सुटे ढग आणि खाली ऊन. दोन्हींमधे शंभर-सव्वाशे किलोमीटरचं अंतर. हे बघून अंगावर काटा आला नाही तर तुम्ही या भागातले नाहीच, कारण इथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरातलं बजेट त्या भिंतीच्या अलीकडे ठरतं. इन्सब्रुकचा बर्फ बघून तुम्ही "वा" म्हणता. ही भिंत बघून मला कॅनॉलचं आवर्तन, टँकर आणि उसावरची भांडणं आठवतात. वास्तववादी देखाव्याचा खरा आनंद मला वाटतं हाच आहे, चित्र बघताना चित्राबाहेरचं आठवणं.

आता कुणी म्हणेल, एवढं प्रेम आहे तर बाईक काढ आणि जा की शिरूरला, खरं खरं बघ! जातो ना. हजारदा गेलोय. पण नगर रस्त्यावर बाईकवरून पुढच्या ट्रकचा मागचा बंपर दिसतो, पर्जन्यछाया दिसत नाही. दोन्ही लागतं. आणि ज्याने खालून पाहिलंय त्यालाच वरचं चित्र तपासता येतं.

इथेच खरी मेख आहे. मी तपासतो, आणि चित्र बऱ्याच ठिकाणी खोटं निघतं. (मी कुठला सिम्युलेटर वापरतो ते सांगत नाही. सगळ्यांची कुंडली थोड्याफार फरकाने सारखीच.)

एक, ऋतू. कॅमेऱ्याला ढगांखालचं दिसत नाही, त्यामुळे आपल्याकडची उपग्रहचित्रं बहुतेक कोरड्या महिन्यांतली असतात. परिणाम असा की, ऑगस्टचा पाऊस लाइव्ह पडतोय आणि खाली जमीन एप्रिलची! ज्या माळरानावर श्रावणात हिरवं लुसलुशीत गवत असतं ते कायम तपकिरी. दोन, नदी. आकाश तासातासाला बदलतं, पण पाणी चित्रात गोठलेलं. दौंडला लाखभर क्युसेक जात असले तरी सिम्युलेटरमधली भीमा आपली उन्हाळी सुट्टीवर. तीन, इमारती. कांदा चाळ, पोल्ट्रीची शेड, गुऱ्हाळ आणि देऊळ या सगळ्यांचं वरून दिसतं ते एक छप्पर. अल्गोरिदमने ही गावं पाहिलेली नाहीत, मग तो तिथे परदेशातलं टुमदार घर ठेवून देतो.

चौथं म्हणजे वळीव. जुने सिम्युलेटर "खरं हवामान" घ्यायचे ते विमानतळांच्या मेटार रिपोर्टवरून, आणि शिरूर-दौंडला विमानतळ नाही. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरने स्वित्झर्लंडच्या मेटिओब्लू कंपनीच्या हवामान मॉडेलचा डेटा घेतला, म्हणून मधल्या प्रदेशालाही स्वतःचं आकाश मिळालं. पण मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाला एक सरासरी देतं. आपल्या पाषाणच्या आयआयटीएममधे तयार झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम २६ मे २०२५ ला कार्यान्वित झाली, तिचा चौकोन सहा किलोमीटरचा. आधी बारा होता. म्हणजे शिरूर ते दौंड जेमतेम आठ चौकोन. आणि मे महिन्यातला वळीव कसा असतो? बांधाच्या अलीकडे चिखल, पलीकडे धूळ! तो आख्खा ढग एकाच चौकोनात हरवून जातो.

ही सगळी यादी वाचून आमची जमात काय करते? नवं ग्राफिक्स कार्ड घेते! लाखभर रुपये घालून तेच चुकीचं घर आणखी स्पष्ट बघते. अहो, ज्या जागेचा डेटाच नाही तिथे तुमचं कार्ड काय दिवे लावणार? आपण सॉफ्टवेअरवाले दिवसभर एकमेकांना सांगतो की इनपुट कचरा तर आउटपुट कचरा, आणि घरी येऊन नेमकं हेच विसरतो.

आता तो मेलबर्नचा सुळका आठवा. मला त्या प्रकरणात हसण्यासारखं कमी आणि शिकण्यासारखं जास्त वाटतं. एका पोराने घरी बसून एका चौकटीत तीन आकडे भरले आणि जगभरातल्या लोकांच्या आकाशात इमारत उगवली. म्हणजे दार उघडं आहे! ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासून चालू आहे, कुणीही खातं उघडून त्यात भर घालू शकतो. एक्स-प्लेन आणि फ्लाइटगिअरसुद्धा रस्ते-इमारतींसाठी त्यातला डेटा वापरतात. आपल्याकडे नकाशांवर कडक बंधनं आहेत हे कारण वर्षानुवर्षं ऐकलं. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांसाठी त्यातली बरीचशी बंधनं काढून टाकली, डिसेंबर २०२२ मधे राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही आलं. काही संवेदनशील जागा अजूनही वर्ज्य आहेत आणि त्या तशाच असाव्यात. पण रांजणगावच्या महागणपतीचं देऊळ, घोडेवरचा पूल किंवा केडगावचं गुऱ्हाळ त्यात मोडत नाही.

आणि हा फक्त खेळाचा प्रश्न असता तर मी एवढं टंकलं नसतं. त्याच खुल्या नकाशावरून पूर आल्यावर बचावाचे रस्ते शोधले जातात, रुग्णवाहिकेला वाट सापडते. उद्या ज्या यंत्रांना "भारतातलं खेडं कसं दिसतं" विचाराल ती याच डेटावर शिकलेली असतील. नकाशात नसलेली वस्ती सिम्युलेटरमधे नसते, आणि हळूहळू ती हिशेबातही नसते. ज्याच्या हातात डेटा, त्याचं वास्तव. लंडनच्या राजवाड्याला ओळखणारे लोक होते, त्यांनी बोंब मारली, फेब्रुवारी २०२१ च्या अपडेटमधे तो नीट झाला. दौंडसाठी बोंब मारायला कोण आहे? तुम्हीच तर आहात, आणि तुम्ही इन्सब्रुकला गेलेले!

असो. फार लांबलं. आल्प्सवर माझा राग नाही, जरूर उडा. पण या शनिवारी जॉयस्टिकला हात लावायच्या आधी अर्धा तास द्या. ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्या आजोळचं गाव शोधा. बहुतेक एक रस्ता आणि एक ठिपका सापडेल. शाळा, देऊळ, ओढा, पाण्याची टाकी, जे जे डोळे मिटून आठवतं ते काढा आणि पक्कं माहीत असेल तेवढंच काढा. मजल्यांच्या रकान्यात मात्र आकडा दोनदा तपासा :-)