भाव करण्याआधी पदर उलटा करा

रोह्याहून सकाळची मेमू, पनवेलला लोकल, वडाळ्याला गाडी बदलून वांद्रे. एवढा खटाटोप करून आम्ही चौघं ‘महालक्ष्मी सरस’ला गेलो, ते खरं तर खाण्यासाठी. बचत गटांच्या या प्रदर्शनातलं जेवण प्रसिद्धच आहे. पोटपूजा झाल्यावर पाय कापडाच्या स्टॉल्सकडे वळले. तिथे आम्ही जसं वागलो, त्याबद्दल लिहायलाच हवं.

पैठणीच्या स्टॉलवर मैत्रिणीने साडी खांद्यावर टाकून सेल्फी काढला. किंमत ऐकली आणि म्हणाली, “मावशी, एवढी? आमच्याकडे दोन हजारांत मिळते!” आम्ही हसलो. मावशी चिडल्या नाहीत. त्यांनी पदर उलटा करून समोर धरला. “बघ, मोर मागूनही तसाच दिसतो ना?”

खरंच तसाच होता. हातमागावरच्या पैठणीत नक्षीतला प्रत्येक रंग वेगळ्या धाग्याने हाताने गुंफतात, म्हणून ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. यंत्रावरच्या नकलेत मागे सुट्या धाग्यांचं जाळं असतं. साध्या पैठणीला काही आठवडे लागतात, भरजरी पदराला काही महिने. दोन हजारांची ती साडी वेगळीच वस्तू होती.

पॉवरलूम वाईट, असं मुळीच नाही. इचलकरंजी, भिवंडीतली कितीतरी घरं त्यावर चालतात आणि आपले रोजचे कपडेही यंत्रावरचेच. भांडण आहे ते खोट्या नावाशी. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गिऱ्हाईकच विचारत नसेल तर त्या कागदाचा उपयोग काय? २०१९-२० च्या हातमाग गणनेनुसार देशात या कामात ३५ लाखांहून जास्त लोक आहेत, त्यात सत्तर टक्क्यांहून जास्त बायका. आपण मजेत पाडलेला भाव त्यांच्या मजुरीतून जातो.

आपल्या रोह्यात बालपण गेलेले सी. डी. देशमुख अर्थमंत्री असताना, १९५३ मध्ये, खादी आणि हातमागाच्या मदतीसाठी कापडावर जादा अबकारी कर बसवणारा कायदा झाला. तेव्हा सरकारने केलं, आता थोडं आपणही करूया.

“पण खिशात पाचशे रुपये असताना काय करायचं?” प्रश्न बरोबर आहे. पैठणी घेऊच नका. रुमाल घ्या, पंचा घ्या, नाहीतर नुसतं बघा. पण “किती कमी करणार?” याआधी “कुठे विणलंय, किती दिवस लागले?” हे विचारा. विकणारा विणकरच असेल असं नाही, म्हणून तर विचारायचं. हॅन्डलूम मार्कचं लेबल शोधा. नक्षीचा फोटो काढायचा तर परवानगी घ्या.

रात्री घरी पोहोचल्यावर त्याच मैत्रिणीने आईची कपाटातली पैठणी उलटी करून बघितली. मागे धागेच धागे. आईने ती हातमागाची म्हणून, हातमागाच्या भावात घेतली होती. म्हणजे विणकराचं काम गेलं आणि आईचे पैसेही.

तुमच्या घरच्या कपाटातही एखादी पैठणी असेल. आज पदर उलटून बघा.