कारण नसलेला प्रवास



या जानेवारीत मी आणि माझी एक मैत्रीण जपानला जाऊन आलो. परिषद नव्हती, अभ्यासदौरा नव्हता, कोणत्या संस्थेचे निमंत्रणही नव्हते. दोघींनी काही वर्षे पैसे साठवले, पडता बर्फ एकदा डोळ्यांनी बघायचा म्हणून थंडीचे दिवस निवडले, आणि बारा दिवस फिरून, बाजारहाट करून परत आलो. हकिकत एवढीच. तरी ती संपादकीयात घेते आहे. जाण्याआधी आणि आल्यावर आम्हाला जे प्रश्न विचारले गेले, त्यांचा विचार आपल्या चळवळीने करावा असे मला वाटते.

'घरी जेवणाचं काय?' 'मालकांनी सोडलं व्हय?' 'बरोबर पुरुष माणूस कोण?' आणि सगळ्यांत जास्त वेळा, 'पण कशासाठी?' आमच्या गल्लीतले पुरुष दर हिवाळ्यात मित्रांबरोबर गोव्याला जातात. त्यांना यातला एकही प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. पुरुषाचा प्रवास हा प्रवास असतो. बाईच्या प्रवासाला मात्र कारण जोडावे लागते, आणि ते कारण दुसऱ्या कोणाच्या तरी कामाचे असावे लागते.

बाईला मान्य असलेले प्रवास मोजून पाहा. माहेर, बाळंतपण, लग्नकार्य, दुखवटा, दवाखाना आणि देवदर्शन. जोतिबा, नरसोबाची वाडी, पंढरपूर या वाटा आपल्या आया-आज्यांनी किती प्रेमाने तुडवल्या! त्या वाटांवर त्या हसल्या, गायल्या, मैत्रिणींच्या मांडीवर डोके ठेवून रडल्या. पण परवानगी मिळाली ती देवाच्या नावावर. स्वतःच्या नावावर एक दिवससुद्धा मागायची सोय नव्हती.

माझ्या मैत्रिणीचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. तिला विचारलेले प्रश्न माझ्यापेक्षा कडवट होते. 'तुझ्या जिवाला हे कसं पटतं?' असे तिच्या जवळच्या नात्यातल्या बाईने विचारले. आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे, हे यापुढे नको, असे एका गावाने ठरवले. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून राज्यातल्या ग्रामपंचायतींपुढे हा कित्ता ठेवला. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण बांगड्या हातात राहिल्या म्हणून बाई मोकळी झाली असे होत नाही. नवरा गेलेल्या बाईने मैत्रिणीबरोबर हसत-खिदळत फिरावे, स्वतःसाठी लाल रंगाची शाल घ्यावी, हे अजून कुठल्याच ठरावात बसलेले नाही.

जपानला जाणारी पहिली मराठी बाई कोण, हे मला सांगता येणार नाही. पण पंडिता रमाबाई १८८८ च्या हिवाळ्यात तिथे गेल्या होत्या. अमेरिकेत पावणेतीन वर्षे काढून, विधवांच्या शाळेसाठी निधी उभा करून, नोव्हेंबरात त्या सॅन फ्रान्सिस्कोहून बोटीत बसल्या. पॅसिफिक महासागर ओलांडून जपान, मग हाँगकाँग, असे करत १८८९ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोहोचल्या. वाटेत जपानात त्यांनी भाषणेही केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. त्याच साली त्यांचे अमेरिकेतील लोकस्थिती आणि प्रवासावरचे मराठी पुस्तक निघाले. त्यांच्या आधी १८८३ साली आनंदीबाई जोशी नात्यातले कोणीही बरोबर नसताना अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. कोल्हापूर दरबाराने त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सी.पी.आर.मध्ये, स्त्रियांच्या विभागासाठी नेमले होते. रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या.

या दोघींनी समुद्र ओलांडला तेव्हा समाजाने त्यांना काय काय ऐकवले ते आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्यापाशी उत्तर होते. एकीपाशी वैद्यकी होती, दुसरीपाशी विधवांचे शिक्षण होते. एवढे मोठे कार्य पुढे धरल्यावरच बाईला उंबरा ओलांडता येत होता. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनीही बाईने घराबाहेर पडायला 'कार्य'च दाखवायचे का? आपल्या कार्यकर्त्याही यातून सुटलेल्या नाहीत. शिबिराला, मोर्चाला, परिषदेला आपण हक्काने जातो. नुसते फिरायला जायचे म्हटले की आपलीच जीभ अडखळते.

आता जपानविषयी थोडे. तोक्यो, क्योतो, नारा आणि हिरोशिमा एवढे आम्ही पाहिले. हिरोशिमाच्या शांती उद्यानात अर्धा दिवस गेला. ६ ऑगस्ट १९४५ च्या बॉम्बनंतर उभा राहिलेला तो घुमट आणि संग्रहालयातल्या शाळकरी पोरांच्या वस्तू पाहून आम्ही बराच वेळ एकमेकींशी बोललो नाही. एरवी मनात राहिले ते साधे. रात्री दहा वाजता दोघी बायका अनोळखी शहरात स्टेशनवरून चालत निघालो, आणि पाच मिनिटांनी लक्षात आले की आपण मागे वळून पाहत नाही आहोत. खानावळीत एकेकट्या बायका शेवयांचा वाडगा समोर घेऊन निवांत जेवत होत्या. गरम पाण्याच्या कुंडावर सत्तरी-ऐंशीच्या म्हाताऱ्या मैत्रिणी-मैत्रिणी मिळून अंघोळीला आलेल्या होत्या. तिथे अंगावर गोंदलेले असेल तर बऱ्याच ठिकाणी आत घेत नाहीत. माझ्या मैत्रिणीच्या हातावर लहानपणी आजीने गोंदवून घेतलेली तुळस आहे. दारावरच्या बाईने ती पाहिली, हसली आणि तेवढ्या जागेवर कातडीच्या रंगाची चिकटपट्टी लावून आत सोडले. आत कोणी कोणाच्या अंगाकडे पाहत नव्हते. आपले शरीर थकलेले, सैल झालेले, बाळंतपणांनी ओढलेले असते. ते झाकायची किंवा त्याची लाज बाळगायची गरज नाही, असा तास माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच आला.

पण तो देश बायकांचा स्वर्ग आहे असे कोणी समजू नये. गर्दीच्या वेळी तिथल्या गाड्यांनाही बायकांचा वेगळा डबा जोडावा लागतो. त्याचे कारण आपल्याला सांगायला नको. लग्नानंतर नवरा-बायकोने एकच आडनाव लावले पाहिजे असा तिथला कायदा आहे. शंभरातल्या नव्वदांहून अधिक जोडप्यांत बायकोच आडनाव बदलते. हा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ आणि २०२१ साली वैध ठरवला. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या स्त्री-पुरुष विषमतेच्या यादीत १४८ देशांत जपान ११८ वा आहे, आपण १३१ वे. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथे पहिल्यांदा एक बाई पंतप्रधान झाली. एक बाई वर गेली म्हणून बाकीच्यांचे ओझे उतरत नाही, हे इंदिराबाईंच्या देशात वेगळे सांगायला नको. मात्र त्या ओझ्यासकट तिथली बाई रस्त्यावर एकटी आणि बिनकामाची दिसू शकते. ही चैन आहे असे तिथे कोणाला वाटत नाही.

खरेदीचा विषय निघाला की पुरुष हसतात. बायका आणि खरेदी हा त्यांचा हक्काचा विनोद आहे. आमच्या पिशवीत काय होते ते सांगते. नातवाला आगगाडी, सुनेला रुमाल, जावयाला चाकू, भावजयीला चहाचे पेले, शेजारणीला पंखा. सगळ्या गल्लीची यादी पुरी झाल्यावर उरलेल्या पैशांत स्वतःसाठी एक शाल आणि एक छत्री. 'उधळ्या' बाईची खरेदी बहुधा अशीच असते. गुजरीत आणि महाद्वार रोडवर दिवाळीआधी उभे राहून पिशव्या उघडून पाहिल्या तरी हेच सापडेल.

आणि पैसा कोणाचा? व्हिसाच्या कागदांत प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि बँकेचा उतारा मागतात. मी नोकरी केलेली, मैत्रीण निवृत्त शिक्षिका. दोघींची कागदपत्रे आपापल्या नावावर होती. चाळीस वर्षे घरात राबलेल्या बाईने हीच कागदपत्रे कुठून आणायची? तिला नवऱ्याची विवरणपत्रे आणि खर्च करण्याची त्याची हमी जोडावी लागते, म्हणजे पुन्हा परवानगीच. २०२४ साली राज्य सरकारने लाडकी बहीण योजनेत महिन्याला १५०० रुपये बायकांच्या खात्यावर जमा करायला सुरुवात केली, तेव्हा चौकाचौकांत ऐकू आले की, बायका या पैशांच्या साड्या घेणार. त्या योजनेमागच्या मतांच्या हिशेबावर आपण टीका केली आहे आणि करूही. पण बाईने १५०० रुपयांतून एक साडी घेतली तर बिघडले कुठे, हेही आपण ठणकावून विचारले पाहिजे.

पैशापेक्षा मोठी टंचाई वेळेची आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचा त्या कामात रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो. पुरुषाचा ९७. आणि असे काम करणाऱ्या बायका शंभरात ८१, तर पुरुष फक्त २६. रोजचे पाच तास! त्यात रविवार नाही, दिवाळीची सुट्टी नाही, निवृत्ती नाही. विश्रांती आणि फुरसत हा मानवी हक्क असल्याचे १९४८ च्या जाहीरनाम्यातील २४ वे कलम सांगते. स्त्रियांविरुद्धचे भेदभाव नष्ट करण्याच्या करारातील १३ वे कलम बायकांना करमणूक, खेळ आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा समान हक्क देते. या करारावर भारताने १९९३ साली शिक्कामोर्तब केले. मारहाण, हुंडा, पोटगी, समान वेतन यासाठी आपण या कराराचा दाखला दिला. फुरसतीसाठी तो क्वचितच वापरला.

'जपान तुम्हाला परवडलं. आमच्या बाईला रंकाळ्यावर जायला रिक्षाचे पैसे नसतात,' असे गेल्या बैठकीत एकीने सुनावले. तिचे म्हणणे खरे आहे आणि मी त्याच्याही पुढे जाते. आम्ही बर्फ बघत होतो त्याच जानेवारीत आपल्या जिल्ह्यात गळीत हंगाम भरात होता. बीडकडून शेकडो मैलांचा प्रवास करून आलेल्या बायका उसाच्या फडात होत्या. त्यांना कोणी 'कशासाठी' विचारत नाही. त्या आणि त्यांचे नवरे मिळून 'एक कोयता'. उचल मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात पडते, बाईचा हिशेब वेगळा निघत नाही. एक दिवस खाडा पडला की दंड. पाळीतही सुट्टी नको म्हणून, दुखणे कायमचे मिटेल म्हणून, किती जणींच्या पिशव्या काढल्या गेल्या! २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीला बीड जिल्ह्यातील पाहणी केलेल्या ८२ हजारांवर बायकांत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ही बाई दर हिवाळ्यात कोल्हापूरला येते, पण अंबाबाईचे देऊळ तिने पाहिलेले नसते. तिच्या पायाला फिरती आहे, तिला प्रवास नाही.

म्हणून फुरसत हा सुखवस्तू बायकांचा चोचला आहे असे मी मानत नाही. जिच्यापाशी ती सगळ्यांत कमी आहे, तिची ती सगळ्यांत मोठी मागणी आहे. मोलकरणींच्या संघटना भरपगारी सुट्ट्यांसाठी वर्षानुवर्षे भांडतात ते यासाठीच.

संधी आहेत. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.च्या सर्व गाड्यांत बायकांना अर्धे तिकीट झाले. 'बायका आता घरी टिकंनात' अशी कुरकुर स्टँडवर सुरू झाली, यातच या सवलतीचे मोल कळते. पण अर्धे तिकीट काढून पोहोचल्यावर पुढे काय? स्टँडवरची स्वच्छतागृहे बंद किंवा बसवणार नाहीत अशी. मुक्कामाला गेलेल्या दोन बायकांकडे लॉजवाला संशयाने बघतो. संध्याकाळच्या शेवटच्या गाडीचा भरवसा नाही. मुंबईत २०११ साली बायकांच्या मुताऱ्यांसाठी 'राइट टू पी' ही मोहीम सुरू झाली. त्याच साली शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी त्यांच्या 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात बाईच्या विनाकारण भटकण्याच्या हक्काची मांडणी केली. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीच्या स्टँडवर ही मांडणी न्यायचे काम आपले आहे.

या शहराची गादी ज्या ताराराणीने उभी केली तिचा पुतळा कावळा नाक्यावर घोड्यावर स्वार आहे. तिच्या पायथ्याशी बसची वाट बघत उभ्या असलेल्या पोरीला 'इथं का उभी?' असे विचारले जाते. हा विरोधाभास आपण फार दिवस सहन केला.

तेव्हा येत्या वर्षासाठी सर्व गटांपुढे तीन गोष्टी ठेवते. एक, प्रत्येक गटाने वर्षातून एक दिवस सहल काढावी. त्या दिवशी भाषण नाही, ठराव नाही, वर्गणीचा हिशेब नाही. पन्हाळा पुरे, रंकाळाही पुरे. ज्यांचे हातावर पोट आहे त्यांच्या त्या दिवसाच्या मजुरीची तजवीज गटाने आधी करावी, आणि घरचे काम त्या दिवशी पुरुषांनी करावे. दोन, आपापल्या तालुक्याच्या स्टँडची पाहणी करून पाणी, दिवे आणि स्वच्छतागृहे यांची यादी पुढच्या अंकासाठी पाठवा. ती घेऊन आपण विभाग नियंत्रकांकडे जाऊ. तीन, हंगाम संपायच्या आत आपल्या भागातल्या फडावरच्या बायकांना भेटा आणि त्यांना काय हवे ते त्यांच्याच तोंडून लिहून घ्या.

भाकरीची, पाण्याची, मजुरीची लढाई चालूच राहील. तिच्या शेजारी ही मागणीही लिहून ठेवू या. बाईला आठवड्यातला काही वेळ आणि वर्षातले काही दिवस असे हवेत, की ज्यांचा हिशेब तिने कोणालाही द्यायचा नाही.

आपली,
संपादक