कुलपातली भट्टी

अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत कोपऱ्यातल्या टेबलावर एक जड, चौकोनी पेटी असते. तिच्यावर प्लास्टिकचे आवरण असते आणि खोलीला कुलूप. तपासणी समिती येते तेव्हा आवरण निघते. समिती गेली की पुन्हा चढते. ही मफल भट्टी. ‘मुलांच्या हाती देण्याची वस्तू नव्हे’ असे तिच्याबद्दल सांगितले जाते. मला हे पटत नाही. भट्टी धोक्याची आहे यात शंका नाही. पण कुलपाने तो धोका कमी होत नाही, फक्त पुढे ढकलला जातो. विद्यार्थी असताना जिने भट्टी कधी चालवली नाही, तीच मुलगी उद्या एखाद्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिच्यासमोर एकटी उभी राहते.

धोका नेमका कोठे असतो? लालभडक भट्टीला कोणीही हात लावीत नाही. जॉन विल्यम ड्रेपर या शास्त्रज्ञाने १८४७ साली दाखवून दिले, की घन पदार्थ कोणताही असो, तो सुमारे ५२५ अंश सेल्सिअसला मंद लाल दिसू लागतो. याचा उलटा अर्थ आपण विसरतो. ४०० अंशांची चिनी मातीची मूस आणि गार मूस डोळ्यांना अगदी सारखीच दिसते! शिकत असताना मी अशी एक ‘गार’ मूस विटेवरून उचलली होती. अंगठ्यावरचा फोड जायला बरेच दिवस लागले. तेव्हापासून भट्टीजवळची प्रत्येक वस्तू गरमच आहे असे मी धरून चालतो, आणि तळहात न टेकवता नुसता जवळ नेऊन अंदाज घेतो.

आता दार उघडण्याविषयी. तप्त पोकळीतून बाहेर पडणारे प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातात वाढते, हा स्टीफनचा नियम तुम्ही पाठ करता. तो येथे वापरून पाहा. १००० अंश सेल्सिअस म्हणजे १२७३ केल्विन. गणित केले तर दर चौरस मीटरला सुमारे १४९ किलोवॅट येतात. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर साधारण १ किलोवॅट पडतो. भट्टीचे दार १५ सेंटिमीटर लांबीरुंदीचे असले, तरी उघडताच तोंडावर तीन किलोवॅटहून अधिक शक्ती येते, म्हणजे पाणी तापवण्याच्या दोन मोठ्या विजेच्या कांड्यांइतकी. ५०० अंशांना हाच आकडा जवळजवळ सातपटींनी कमी होतो. म्हणून भट्टी बंद करून दोनशे अंशांच्या खाली येईपर्यंत दार उघडू नये, असे मी म्हणतो. हा भित्रेपणा नव्हे, हे गणित आहे. शिवाय एकदम गार हवा लागली की मूस तडकते, आणि आतल्या विटाही.

ओली वस्तू आत ठेवणे ही दुसरी चूक. एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांना सुमारे १.७ लिटर वाफ होते. मातीच्या जाड गोळ्यात ती अडकली तर गोळा फुटतो आणि त्याचे तुकडे तारेवर उडतात. नमुना आधी ११० अंशांना वाळवावा. पावसाळ्यानंतर तर भट्टीच्याच विटांत ओल मुरलेली असते. पहिल्या दिवशी ती रिकामीच, हळूहळू तापवावी. हातमोजा ओला असेल तर तो नसल्यासारखाच, कारण त्यातले पाणी उष्णता थेट कातडीपर्यंत पोचवते. जुन्या कपाटांतले अॅस्बेस्टॉसचे मोजे आणि पत्रे मात्र वापरूच नयेत. त्यांचे तंतू फुप्फुसात जातात आणि असाध्य रोग जडवतात.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती थर्मोकपलची. ही सळई मागच्या भोकातून थोडी बाहेर सरकली, तर आत हजार अंश असताना तबकडीवर तीनशे दिसतील. नियंत्रकाला वाटते भट्टी अजून थंड आहे, आणि तो वीज देतच राहतो. शेवटी तार वितळते किंवा त्याहून वाईट काही घडते. यावर उपाय म्हणजे तापमान मर्यादेपलीकडे गेल्यास वीज तोडणारी स्वतंत्र यंत्रणा, आणि वहीत दर दहा मिनिटांनी केलेली नोंद. आलेख अचानक वाकला की मुले विचारतात, ‘सर, असे का?’ कुलूप हा प्रश्न विचारीत नाही.

दार उघडताच वीज तोडणारा खटका काही ठिकाणी सुतळीने बांधून ठेवलेला मी पाहिला आहे. भट्टीतल्या उघड्या तारेला लोखंडी चिमटा लागला तर काय होईल, याचा विचार सुतळी बांधणाऱ्याने केलेला नसतो. शिवाय हजार अंशांना भट्टीच्या विटाही थोडीफार वीज वाहू देतात.

मग मुलांनी काय करावे? समुद्रकाठचे शिंपले घ्यावेत. कोकणात ते भाजून चुना करण्याची पद्धत जुनीच आहे. धुऊन, कुटून, वाळवलेली दहा ग्रॅम पूड मुशीत घालून ९०० अंशांना दोन तास ठेवावी. गार झाल्यावर वजन केले तर ५.६ ग्रॅमच्या आसपास भरते. बाकीचा वायू झाला. खिडकी उघडी, डोळ्यांवर चष्मा, शिक्षक शेजारी. उरलेल्या कळीच्या चुन्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले की तो फसफसतो आणि तापतो. तोही उघड्या डोळ्यांनी जवळून पाहू नये.

यात खरी अडचण धोक्याची नाही, वेळापत्रकाची आहे. प्रात्यक्षिक दोन तासांचे असते. भट्टीला तापायला, टिकायला आणि निवायला एक दुपार आणि एक रात्र लागते. मुलांनी दुपारी मूस आत ठेवावी, पाच वाजता शिक्षकांसमोर मुख्य खटका बंद करावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गाआधी वजन करावे. एवढे एक प्रात्यक्षिक दोन दिवसांत विभागायला कोणत्या परिपत्रकाची परवानगी लागते, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.