मोऱ्याची सहल आणि समुद्राची वेळ

एकत्र कुटुंबातील सर्व मंडळींना एकाच दिवशी घराबाहेर काढणे हे लग्नकार्य पार पाडण्याइतकेच कठीण काम आहे. कोणाची शाळा, कोणाची कचेरी, कोणाचा उपास, तर कोणाचे गुडघे. यामुळे सहल म्हटली की रविवार धरावा, इतकाच विचार बहुतेक घरांत होतो. परंतु मुंबईच्या मंडळींनी भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्यास यावयाचे ठरविले, तर नुसता वार पाहून भागत नाही. तिथीही पाहावी लागते. याचे कारण धार्मिक नसून भौगोलिक आहे, आणि तेच आज वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

मोरा हे उरणचे बंदर. धक्क्यावरून सुटलेली लाँच पाऊण ते एक तासात येथे पोचते. वाटेत डाव्या हातास जवाहर द्वीपावरील तेलाच्या टाक्या व त्यापलीकडे घारापुरीचा डोंगर दिसतो. समोर उरणचा किनारा असतो. हे उरण म्हणजे जुन्या कागदपत्रांतील करंजा बेट. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी, घारापुरी आणि करंजा ही इंग्रजांकडे कायम झाली, हे इतिहासाच्या पुस्तकांत वाचलेले मुलांना आठवत असेल. या तीन नावांपैकी दोन एकाच लाँचमधून दाखविता आली, तर तो धडा मुले सहसा विसरत नाहीत.

अडचण आहे ती बंदराच्या तोंडाशी. मोऱ्यास गाळ फार साचतो. उपसला तरी पुन्हा भरतो. मोठ्या ओहोटीस धक्क्याजवळचे पाणी इतके उतरते की लाँच लागू शकत नाही, आणि फेऱ्या काही तास बंद ठेवाव्या लागतात. सकाळी हसतखेळत आलेली मंडळी सायंकाळी चिखलाकडे पाहत बसतात. मुले पेंगलेली, डबे रिकामे, वडीलधाऱ्यांची औषधाची वेळ टळलेली! हा प्रसंग दैवाने येत नाही. तो आठ दिवस आधी घरात बसून टाळता येतो.

समुद्रास दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तितकीच मागे पडते. आता पंचांगाची सोय पाहा. घटका म्हणजे चोवीस मिनिटे. तिथीमागे दोन घटका धरल्या की अठ्ठेचाळीस मिनिटे होतात, म्हणजे जवळजवळ तेवढाच फरक. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास काढण्याची जी तोंडी रीत आहे, तिचे मूळ हेच. अष्टमीची पाऊणपट सहा. अष्टमीस पूर्ण भरती सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास. पौर्णिमेस व अमावास्येस ही पाऊणपट सव्वाअकरा येते, आणि दोन घटकांच्या हिशेबाने बरोबर बारा. खरी भरती या दोहोंच्या आसपास असते. शुक्ल असो वा वद्य, हिशेब एकच. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

दुसरी गोष्ट पाण्याच्या उंचीची. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास सूर्य व चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत पडते आणि पाणी फार चढते व तितकेच फार उतरते. यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ही दोन आकर्षणे एकमेकांस काटकोनात असतात. तेव्हा चढ थोडा व उतारही थोडा. त्यास भांगाची भरती म्हणतात. पौर्णिमेच्या दिवशी ओहोटी येते सायंकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे नेमकी परतण्याच्या वेळी, आणि तीही उधाणाची. ‘पौर्णिमेचे चांदणे पाहत परत येऊ’ हा बेत ऐकावयास रम्य असला, तरी मोऱ्याच्या गाळाशी त्याचे जमत नाही. उलट अष्टमी ते दशमी या तिथींस सकाळी सहा ते आठ भरती, दुपारी बारा ते दोन ओहोटी आणि सायंकाळी पुन्हा पाणी भरलेले. शिवाय दुपारची ओहोटी भांगाची, म्हणजे सौम्य. जाण्यास व येण्यास पाणी आणि मधल्या वेळेत खेळावयास मोकळी वाळू, असा योग या तीन तिथींना जुळतो.

रविवार आणि तिथी यांची सांगड कशी घालावी, असे कोणी विचारील. तेही अवघड नाही. सात दिवसांत साधारण सात तिथी सरतात. एका रविवारी पौर्णिमा असेल, तर पुढच्या रविवारी सप्तमी किंवा अष्टमी, आणि त्यापुढच्या रविवारी अमावास्येचा सुमार. म्हणजे एक रविवार प्रतिकूल निघाला, तर आठवडाभर थांबल्याने बहुधा काम होते. हा हिशेब मात्र ढोबळ आहे. तो मुलांकडून करवून घ्यावा, मग छापील भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहावा, आणि निघण्यापूर्वी धक्क्यावर फेऱ्यांची चौकशी करावी.

शिकंदराच्या सैन्यास ही विद्या नव्हती. इ. स. पूर्वी ३२५ मध्ये सिंधूच्या मुखाशी त्याची जहाजे आली. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी नाममात्र असते. त्यामुळे पाणी एकाएकी ओसरून जहाजे चिखलात बसली, तेव्हा ते ग्रीक वीर गांगरून गेले. आपल्याकडे अमरकोशात ‘वेला’ या शब्दाला तीन अर्थ दिले आहेत: समुद्राच्या पाण्याचा विकार, काळ आणि मर्यादा. आपली रोजची ‘वेळ’ याच शब्दापासून आली. ज्यांनी हा शब्द योजिला, त्यांना पाण्याचा चढउतार व घड्याळ निराळी वाटत नसावीत.

मर्यादा हा तिसरा अर्थही विसरू नये. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढातील अमावास्येस, याच भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. पुढे १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीस निघालेल्या नीलकमल बोटीस नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. त्यातही दहाहून अधिक जीव गेले. पहिली घटना भर पावसाळ्यातील, दुसरी शांत हिवाळ्यातील. म्हणून पावसाळ्यात कुटुंबासह हा बेत करूच नये. आणि इतर ऋतूंतही लाँचमध्ये पाय ठेवताच लाइफ जॅकेट मागून प्रथम मुलांस व वृद्धांस घालावे. ‘तासाभराचा तर प्रवास’ असे म्हणून संकोच करू नये. लाँच गच्च भरलेली दिसली, तर पुढच्या फेरीची वाट पाहावी.

मोऱ्यास उतरल्यावर रिक्षाने उरणच्या बाजारातून पिरवाडीच्या किनाऱ्यास जावे. तेथे वाळूत खडक आहेत. ओहोटीस ते उघडे पडतात व पाणी परतू लागले की झाकले जातात. म्हणून ओहोटी पूर्ण झाली की मुलांना खडकांवरून मागे बोलवावे, आणि गुडघ्यापलीकडच्या पाण्यात कोणासही जाऊ देऊ नये. या भागात नौदलाचे आवार आहे. त्या बाजूस छायाचित्रे घेऊ नयेत.

शिदोरी सोपी असावी. दशम्या, मेतकूट, लिंबाचे लोणचे, दुधात कालवून विरजण लावलेला भात आणि गूळपापडीच्या वड्या एवढे पुष्कळ झाले. हे सर्व आदल्या संध्याकाळी होण्यासारखे आहे. पहाटे चारला उठून ज्या सुनेने पंधरा माणसांचा स्वयंपाक केला, तिची सहल झाली असे कोणी म्हणू नये. भांडी उचलण्याचे काम पुरुषांनी व मोठ्या मुलांनी घ्यावे.

हलणाऱ्या लाँचमधून धक्क्यावर पाय टाकणे ज्यांना जड जाते, अशा वडील मंडळींसाठी आता दुसरी वाट आहे. जानेवारी २०२४ पासून नेरूळ व बेलापूरहून लोकल थेट उरणपर्यंत येते. त्याच महिन्यात शिवडी व न्हावा शेवा यांना जोडणारा, सुमारे बावीस किलोमीटर लांबीचा अटल सेतूही खुला झाला. थकलेल्यांनी लोकलने यावे, बाकीच्यांनी समुद्रमार्गे यावे, आणि पिरवाडीस सर्वांनी एकत्र जेवावे. लाँच चुकलीच, तरीही हीच गाडी घरी पोचविते.

शेवटी एक सूचना. पुष्कळ घरांतील आजींना आजची तिथी पंचांग न उघडता सांगता येते. व्रते, उपास, श्राद्धपक्ष यांच्या निमित्ताने तो हिशेब त्यांच्या तोंडी बसलेला असतो; पण सहलीचा बेत करताना त्यांना बहुधा कोणी विचारीत नाही. गिरगावात साठ वर्षे काढून चौपाटीपलीकडचा समुद्र न पाहिलेल्या अशा आजी थोड्या नाहीत. या वेळी दिवस त्यांनाच ठरवू द्यावा. पुढच्या चार रविवारांपैकी अष्टमी, नवमी किंवा दशमी कोणत्या रविवारी येते, एवढेच विचारावे; आणि त्या उत्तर देतील तेव्हा ‘तुम्हीही यावयाचे आहे’ हे सांगावयास विसरू नये.