ऑफिस टाइमची बाजू

लॉनला माझा विरोध आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मग 'तुमच्या पोटात नेमकं काय आहे?' असं विचारायचे कष्ट आमच्या चेअरमनसाहेबांना पडायला नकोत.

नवी मुंबईत पाऊस चार महिने असा कोसळतो की भिंतीलासुद्धा पालवी फुटावी. उरलेले आठ महिने तो इकडे फिरकत नाही. त्यात आमची बाग म्हणजे पाण्याची टाकी आणि कंपाउंड यांच्यामधलं छोटंसं वाळवंट. वर दोन बोटं माती, खाली इमारत बांधून उरलेलं डबर. या वाळवंटात लॉन लावायचा ठराव सोसायटीने बहुमताने मंजूर केला. विरोधात मत एक. ते कोणाचं, हे सुज्ञांस सांगणे न लगे!

लॉन जूनमध्ये आलं आणि ऑक्टोबरात पिवळं पडलं. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी बादल्या मोजून कपडे भिजवतात आणि खाली माळीमामा पाइप धरून गवताला अभ्यंगस्नान घालतात. खालापूरजवळच्या मोरबे धरणातलं पाणी एवढा प्रवास करून येतं, ते काय गवतापुढे लोटांगण घालायला?

त्याच पट्ट्याच्या कडेला आमच्या हिने काही वर्षांपूर्वी ऑफिस टाइमच्या चार काड्या खोचल्या होत्या. शेजारच्या काकूंकडून मागून आणलेल्या. (मागून नव्हे, उचलून, असं काकूंचं म्हणणं.) याला कोणी चिनी गुलाब म्हणतात. वास्तविक ते ना चीनचं, ना गुलाब. मूळ दक्षिण अमेरिकेचं, अर्जेंटिना-ब्राझीलकडचं. आणि भाऊबंद कोण म्हणाल, तर आपली घोळीची भाजी! पान जाडसर, त्यात पाणी साठवलेलं. टंचाई वाढली की हे झाड रात्रीसुद्धा हवा आत घेऊन ठेवतं आणि दिवसा उन्हात पानांची रंध्रं मिटून बसतं. एवढी काटकसर आमच्या वडिलांनाही जमली नाही.

हे फूल ऊन चढलं की उघडतं, दुपार कलली की मिटतं, आभाळ आलं की रजा टाकतं. 1992 साली वाशीला रेल्वे आली तेव्हापासून मी सकाळच्या लोकलचा माणूस. ते उघडायच्या आत मी गाडीत, मी परतेपर्यंत ते बंद. रविवारी मी मटणाच्या रांगेत. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी, आता करायचं काय म्हणून साडेदहाला खाली उतरलो, तर त्या डबरावर गुलाबी, केशरी, पिवळी, पांढरी शंभरेक फुलं हजर! आमच्या ऑफिसात एवढी हजेरी मी कधी पाहिली नाही. तुम्हाला म्हणून सांगतो, त्या दिवशी मला घरी बसल्यासारखं वाटलं नाही.

आता साहेबांना ही 'जंगली वाढ' उपटून तिथेही लॉन हवंय. म्हणे, यावर चालता येत नाही. लॉनवर तरी कुठे येतं? तिथे 'गवतावर चालू नये' ही पाटी त्यांनीच लावली आहे. पावसाळ्यात हे कुजतं, हा त्यांचा आक्षेप मात्र खरा. पाणी साचलं की मुळं सडतात. मग चार काड्या कुंडीत घालून छपराखाली ठेवाव्यात, पाऊस सरला की पुन्हा खोचाव्यात. खर्च शून्य. पण ज्याचं बिल नाही ते कमिटीपुढे यायचं कसं?

सभा बागेतच घ्या, म्हणजे सभासदांना काय उपटायचं ते डोळ्यांनी दिसेल, असा अर्ज मी दिला. साहेबांनी तो तत्काळ मंजूर केला. काल नोटीस लागली: सभा बागेत, सायंकाळी सात वाजता.

वेळेबद्दल मी लेखी हरकत घेतली आहे.